पगार की दान?

आजचे वचन: रोमकरांस पत्र 6:23



सकाळी रावेतहून कुणी हिंजवडीला निघतं, कुणी चाकणला. महिनाभर राबायचं, मग पगार, हे आपल्या अंगवळणी पडलंय. बोनसलाही टार्गेट असतं आणि ऑफरखाली बारीक अक्षरात 'अटी लागू'. म्हणून सार्वकालिक जीवन हे दान आहे म्हटलं की मन विचारतं, मग 'विश्वास ठेव' ही अट नाही का? आणि प्रार्थना, सेवा, पवित्र जीवन हे हप्तेच झाले की!

प्रश्न प्रामाणिक आहे. तो दाबून ठेवू नका.

या वचनात पौल दोन शब्द शेजारी ठेवतो: मरणासाठी 'वेतन', जीवनासाठी 'कृपादान'. वेतनावर आपला हक्क असतो. कृपादानावर नसतो, ते फक्त घेता येतं. आजाऱ्याने औषधासाठी हात पुढे केला म्हणजे त्याने औषधाचे पैसे दिले असं होत नाही. विश्वास म्हणजे तो रिकामा हात. किंमत होती, पण ती वधस्तंभावर दुसऱ्याने भरली.

पंडिता रमाबाईंनाही हे समजायला वेळ लागला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे कळायला आणखी आठ वर्षं गेली. मग त्यांनी स्वतःला तारणाऱ्याच्या हाती बिनशर्त सोपवलं.

आणि त्यानंतर? 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका आणल्या, केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिल्या. हे हप्ते होते का? दत्तक आलेलं मूल घरात ताटं उचलतं, ते भाडं म्हणून नाही. घर आता त्याचं असतं.

येशूने शिष्य होण्याचा खर्च आधी मोजायला सांगितलंय (लूक 14:28), तेही खरं. कारण योहान 17:3 प्रमाणे सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला आणि येशूला ओळखणं. ओळख वाढली की जुनं आयुष्य जसंच्या तसं राहत नाही. दान फुकट मिळतं, पण घेणारा बदलतो.

कुणी कित्येक महिने चर्चला गेलं नसेल. "आधी सुधारतो, मग येतो," असं मनात असेल. भावा, ताई, तो पगाराचा हिशोब आहे. आज आहात तसे या.

प्रार्थना: प्रभू येशू, मी कमावू शकत नाही ते तू देतोस. माझा हिशोब मिटव, माझा रिकामा हात भर आणि मला तुझ्या घरचं कर. आमेन.