अस्सलपणाचा निवाडा

एखाद्या पदार्थाच्या अस्सलपणाविषयीं निवाडा देणें फार सोपें असतें. जिभेवर एक घास ठेवावा आणि ‘हें खरें नव्हे’ असें म्हणून मोकळें व्हावें. त्यावर अपील नाहीं. प्रस्तुत लेखकाकडूनहि हा अपराध घडला आहे, म्हणूनच हा प्रपंच.

पुण्यांत ‘अस्सल वऱ्हाडी’ अशी पाटी असलेल्या एका खानावळींत मित्रासमवेत जेवावयास गेलों होतों. पानांत रोडगे आणि वांग्याची भाजी आली. पुणेकर मित्र तृप्त झाला, मी मात्र हिवरखेडचा या अधिकारानें, "हे रोडगे नव्हेत!" असें मोठ्यानें म्हणालों. मालकानें तें ऐकलें. तो अकोटकडचा निघाला. "गोवऱ्यायचा जगरा कुठं लावू जी इथं? वरतं लोकं रायतात," एवढेंच बोलून तो आंत गेला.

तेव्हांपासून विचार करतों आहें कीं अस्सलपणाचें माप तरी कोणतें? जिन्नस म्हणावे, तर आमच्या जेवणाचा प्राण जी मिरची, ती पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतून आणलेली. शेंगदाणाहि त्याच खंडाचा, आणि ज्वारीचें मूळ आफ्रिकेंत. कृति म्हणावी, तर हिवरखेडास आमच्या वहिनी वरण कुकरमध्यें शिजवितात. त्यांना कोणी नकली म्हणत नाहीं. मूळ मुलखाची मान्यता म्हणावी, तर अमेरिकेंतील चिनी खाणावळींचें उदाहरण पाहावें. चिनी मजुरांना तेथें येण्यास १८८२ च्या कायद्यानें बंदी झाली. ती १९४३ पर्यंत टिकली. जे आधींच तेथें होते, त्यांच्यापैकीं अनेकांनीं धोबीकामावर आणि खाणावळींवर गुजराण केली, व यजमानांच्या जिभेस रुचेल असें ‘चॉप सुई’ वाढलें. त्यास लबाडी म्हणावें, कीं परमुलखांत तगून राहण्याची धडपड?

मग सारेंच अस्सल काय? तसें मुळींच नाहीं. पाटी ही एक प्रतिज्ञा आहे, आणि गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचा फायदा घेऊन वाटेल तें वाढणारा मनुष्य ती मोडतो. परंतु अडचणीपुढें वाकणें निराळें आणि फसविणें निराळें. हा भेद जिभेला कळत नाहीं. त्यासाठीं रांधणाऱ्यास विचारावें लागतें. मीं विचारलें नव्हतें. विचारतांच त्यानें कांहींएक न लपवितां सांगितलें असतें, हें त्याच्या एका वाक्यावरून स्पष्ट आहे.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या रोडग्यांत मला जें उणें भासलें, तो केवळ गोवऱ्यांचा धूर नव्हता. शेतांतली पंगत, तिचा गलका, आणि आतां हयात नसलेला आईचा हात हींहि त्यांत नव्हतीं. तीं कोणत्याच खानावळींत मिळावयाचीं नाहींत. माझें हरवलेलें मीं त्याच्या पानांत शोधलें, आणि सांपडलें नाहीं म्हणून चारचौघांत त्यास खोटें ठरविलें. चवीचा निवाडा करावयास बसलों, आणि माणसाचा करून उठलों.