अंधारातून आलेले गीत



उपासनेत आपण उभे राहून गीत गातो, तेव्हा ते लिहिणाऱ्याच्या मनावर काय गुदरले असेल याचा विचार क्वचितच करतो. खरा विश्वासी सदा आनंदी असतो, अशी आपली समजूत असते. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) यांचे जीवन ही समजूत खोटी ठरवते.

वयाची सहा वर्षे पुरी होण्याआधीच त्यांची आई वारली. १७६३ साली मन इतके ढासळले की त्यांनी स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. सेंट अल्बन्स येथे डॉ. नथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. तेथेच रोमकरांस पत्राचा ३ रा अध्याय वाचताना त्यांना तारणाची खात्री पटली. पुढे ओल्नी गावी पाळक जॉन न्यूटन यांच्या सोबतीने त्यांनी गीते रचली. ती १७७९ मध्ये ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात प्रसिद्ध झाली. ख्रिस्ताच्या रक्ताच्या झऱ्याविषयीचे आणि देवाच्या गूढ मार्गांविषयीचे त्यांचे गीत मंडळ्या आजही गातात.

तरी आजाराने गीत दिले, असे आपण म्हणू नये. १७७३ मध्ये आजार उलटला, देवाने आपल्याला टाकले असे त्यांना वाटू लागले, आणि गीतरचना जवळजवळ थांबली. दुःखाने त्यांच्या शब्दांना खोली दिली खरी; पण ते शब्द ओठांवर आले ते कृपेने आणि माणसांच्या आधाराने. त्या काळात न्यूटन यांनी त्यांना वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. ती निराशा मरेपर्यंत पुरती गेली नाही. न्यूटन यांनीही मैत्री सोडली नाही.

स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रतामाच्या झुडपाखाली एलीयाने मरण मागितले, तेव्हा देवाने त्याला दोष दिला नाही. आधी झोप व भाकर दिली.

आपल्या मंडळीतही गीताच्या वेळी कोणी ओठ मिटून उभा असेल. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणून आपण जखमेवर मीठ चोळू नये. त्याला डॉक्टरांकडे नेऊ, औषधही देवाचे दान मानू, त्याच्या घरी जाऊन बसू. त्याला गाता येत नाही तोवर त्याच्या वतीने आपण गाऊ.

हे प्रभू, खचलेल्यांजवळ बसण्याचा धीर आम्हांला दे. आमेन.