अर्धवट राहिलेले काम

नगरच्या कर्जतकडे रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात. पुढे पाऊस पडेलच याची हमी नसते, तरी पाभर चालते. लक्ष्मीबाई टिळकांचे असेच. नगर-राहुरीत संसार केलेल्या या बाईंना घरीच अक्षरओळख झाली. पती, कवी नारायण वामन टिळक, १९१९ साली गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोडेच लिहून झाले होते. बाईंनी ते अध्यायामागून अध्याय लिहून पुढे नेले. देवावर भरवसा म्हणजे नुसती चमत्काराची वाट, असे पुष्कळांना वाटते. मला नाही पटत. भरवसा म्हणजे हमी नसतानाही हातातले काम पुढे नेणे. कुणा आजाऱ्याकडे आज प्रार्थनेला जायचे कबूल केले असेल, तर चहा झाला की निघा. जमलेच तर भाकरीही बांधून न्या.