भिंतीचा काय फोटो काढायचा?

आपल्या लोकांना फोटोसाठी स्वतःचे घर कधी पुरलेच नाही. राहायचे पाटोद्यात, रोज बघायचे बालाघाटचे डोंगर, आणि फोटो काढायचा तर स्टुडिओत, कापडावर रंगवलेल्या ताजमहालासमोर! मांजरा नदी आमच्याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. पण तिच्यासमोर उभे राहून फोटो काढलेले नवरा-नवरी निदान माझ्या तरी पाहण्यात नाहीत. घराच्या आतले तर विचारूच नका. छत्तीस फोटोंचा रंगीत रोल, तो काय पातेल्यांवर उधळायचा?

तरी पातेली फोटोत आलीच. कुठल्याही घरातला १९८५-९० च्या सुमाराचा अल्बम उघडा. बारशाचा फोटो. आत्याबाईंनी नेमके डोळे मिटलेले, बाळ हललेले. पण जरा मागे बघा. पिस्ता रंगाची भिंत, तिच्यावर कालनिर्णय, खुंटीला लाल पिशवी, ताटाळ्यात ओळीने उभी स्टीलची ताटे आणि त्यांच्यावर पडलेले खिडकीतले ऊन. फोटोग्राफरने जो काढलाच नाही तो फोटो झकास आलेला असतो!

अमेरिकेत विल्यम एगल्स्टन नावाच्या गृहस्थाने हेच मुद्दाम केले. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याच्या रंगीत फोटोंचे प्रदर्शन भरले. त्याबरोबर निघालेल्या पुस्तकात ओव्हनचा आतला भाग आहे, पलंगाखालचे जोडे आहेत. कलेचा फोटो म्हणजे काळा-पांढरा, रंगीत म्हणजे जाहिरातीचा, असा तो काळ. टीकाकारांनी त्याला यथेच्छ झोडपले. आज त्याच फोटोंसमोर लोक हाताची घडी घालून गंभीरपणे उभे राहतात.

हे वाचून मलाही स्फुरण चढले. मोबाइल घेतला आणि आईच्या चुलीमागची भिंत टिपली. काय सांगू! काळी मखमलच, आणि तिच्यापुढे तांब्याची घागर. आईला दाखवले. ती म्हणाली, "चाळीस वर्सं धूर मी खाल्ला बाबा. तुला ती आता चांगली दिसायलीय व्हय?"

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. एकाच्या खात्यावर जमा पडले की दुसऱ्याच्या नावे पडलेच पाहिजे, ही आमची श्रद्धा. सौंदर्य माझ्या खात्यावर जमा झाले. नावे कुणाच्या पडले, ते आईने सांगितलेच. मग धुराच्या भिंतीला सुंदर म्हणायचेच नाही का? तसे म्हणावे, तर त्या घागरीला चिंच लावून लखलखीत कोणी ठेवले होते? माझ्या आधी त्या कोपऱ्याकडे कोणीतरी डोळे भरून पाहिलेले होते. मी आपला मागाहून गेलो आणि बटण दाबले.

आमच्या गल्लीतले एक जोडपे दरवर्षी ऊसतोडीला जाते. दिवाळी झाली की घराला पाच-सहा महिने कुलूप. गेल्या खेपेला ट्रॅक्टर दारात हॉर्न वाजवत होता आणि ही बाई आत निळ्या भिंतीच्या फळीवर पितळेचे डबे लावत होती. मोठा, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. एक तिरका वाटला, तो पुन्हा सरळ केला. बघणार कोण, तर उंदीर! मग तिने मोबाइल काढला आणि फळीचा फोटो घेतला.

नवरा वैतागून ओरडला, "अगं, डब्यांचा काय फोटू काढायलीस?"

"तिकडं कोपीत बसून बघीन की," ती म्हणाली आणि तिने कुलूप लावले.