मेंदू जागा करून देतो

वर्णकहीनता, म्हणजे मेलॅनिन या रंगद्रव्याची कमतरता, घेऊन जन्मलेल्या मुलाला शाळेत ‘भुऱ्या’ हेच नाव पडतं. मराठवाड्याच्या उन्हात, मैदानावरच्या परिपाठाला त्याला डोळे उघडवत नाहीत. वर्गात हे मूल पुस्तक पार नाकाशी धरतं आणि मान एका बाजूला वळवून वाचतं. ‘सरळ बघ’ म्हणून त्याला दटावलं जातं. पण ती खोड नव्हे. त्याची बुबुळं सतत थरथरतात. मान ठरावीक कोनात वळवली की थरथर कमी होते, अक्षर धरता येतं. तो कोन त्याचा त्यानंच शोधलेला असतो.

त्याच्या मेंदूनं तर याहून मोठं काम केलेलं असतं. आपल्या प्रत्येक डोळ्यातले साधारण निम्मे दृष्टितंतू मेंदूच्या विरुद्ध बाजूला जातात, बाकीचे त्याच बाजूला राहतात. म्हणून डावीकडचं जग उजव्या मेंदूत उमटतं आणि उजवीकडचं डाव्या. गर्भात डोळा घडताना मेलॅनिन कमी पडलं, तर ही वाटणी बिघडते. त्याच बाजूला राहायचे तंतूही बऱ्याच संख्येनं पलीकडे जातात. मग मेंदूच्या एकाच अर्ध्या भागात डावीकडचं आणि उजवीकडचं, दोन्ही चित्रं एकाच जागी येऊन पडतात. तरीही या मुलाला जग एकात एक मिसळलेलं दिसत नाही. डोक्याच्या मागच्या भागातलं दृष्टिकेंद्र दोन्ही नकाशे एकाच जागेत ठेवूनही वेगवेगळे सांभाळतं. चुकलेला तंतू मेंदूला माघारी वळवता येत नाही. आलेल्याला तो जागा करून देतो.

एवढं करूनही नजर अधूच राहते, अंतराचा अंदाज कमी पडतो, चष्म्यानं सगळं भरून निघत नाही. तिथून पुढचं काम आपलं आहे. पहिला बाक, फळ्यावर मोठं अक्षर, खिडकीकडे पाठ, डोक्यावर टोपी, परिपाठाला सावलीतली जागा. यातलं काहीच महाग नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे. नजर त्या निकषात बसत असेल, तर पालकांनी प्रमाणपत्र जरूर काढावं.

‘लातूर पॅटर्न’ या शिकवण्याच्या पद्धतीनं गुणवंत घडवण्याचा मान मिळवला. लातूर-नांदेडच्या गुरुजी-बाईंनो, आज वर्गात गेल्यावर मान वळवून वाचणारं मूल दिसलं, तर त्याची मान सरळ करू नका. त्याला पहिल्या बाकावर बसवा.