तरतूद

काही माणसं जन्मजात कवी असतात, काही जन्मजात गवई. मी जन्मजात यादी करणारा आहे. किराण्याची यादी, इस्त्रीला दिलेल्या कपड्यांची यादी, प्रवासाला निघताना घ्यायच्या वस्तूंची यादी आणि परत आल्यावर तिकडे विसरलेल्या वस्तूंचीही यादी. त्यातून मी पडलो बी. कॉम. आणि पोटासाठी बँकेत कारकून. म्हणजे आधी स्वभाव, त्यात शिक्षण आणि त्यावर नोकरी! आमच्या हिशेबशास्त्रात एक तत्त्व शिकवतात : होण्याजोगा प्रत्येक तोटा आधीच धरून चालावं आणि हातात न पडलेला नफा कधीही धरू नये. कॉलेजात मला हे तत्त्व चार मार्कांपुरतं समजलं होतं. पुरतं समजलं ते लग्नानंतर.

त्यामुळे २०२० सालच्या जूनच्या दोन तारखेला, अरबी समुद्रातलं वादळ उद्या रायगडच्या किनाऱ्याला लागणार अशी बातमी आली, तेव्हा सगळं श्रीवर्धन आभाळाकडे पाहत होतं आणि मी कागद-पेन्सिल शोधत होतो. बदली होऊन मला तिथे जेमतेम वर्ष झालं होतं. वादळाचं नाव 'निसर्ग'. नाव बांगलादेशाने सुचवलेलं. इतकं सात्त्विक नाव ऐकून मला उलट धीरच आला. 'निसर्ग' म्हटलं की शाळेतला निबंध आठवतो. उडणारी कौलं आठवत नाहीत.

मी मथळा घातला : 'आपत्कालीन साहित्य'. खाली दुहेरी रेघ मारली. मग रकाने पाडले – अनुक्रमांक, वस्तू, नग, किती जणांसाठी, शेरा. टॉर्च, सेल, मेणबत्त्या, काडेपेट्या, रेडिओ, पिण्याचं पाणी, कोरडा खाऊ, औषधं, ताडपत्री, दोरी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची कागदपत्रं. 'किती जणांसाठी' या रकान्यात सगळीकडे एकच आकडा होता : ३. मी, सौ. आणि चिरंजीव. हा रकाना पुढे मला किती छळणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

यादी करणं सोपं, ती बाजारातून घरी आणणं अवघड. एक तर ते लॉकडाऊनचे दिवस, दुकानं थोडाच वेळ उघडी. पहिल्या दुकानात टॉर्च होता, सेल नव्हते. दुसऱ्या दुकानात सेल होते, पण करंगळीएवढे. आणि माझ्या टॉर्चला हवे होते चांगले गुटगुटीत. "घेऊन ठेवा साहेब, कुठेतरी लागतीलच," दुकानदार म्हणाला. मी घेऊन ठेवले. मेणबत्त्या मिळाल्या त्या वाढदिवसाच्या. रंगीत, पिळाच्या, चोवीस. रॉकेलचा कंदील आमच्याकडे होता, पण त्यात हौसेने विजेचा दिवा बसवून आम्हीच तो दिवाणखान्यात टांगला होता.

"एकूण काय," सौ. पिशवी रिकामी करत म्हणाल्या, "वादळ आलं तर आपण त्याचा वाढदिवस साजरा करू."

पण मी अस्वस्थ नव्हतो, कारण माझ्यापाशी हुकमाचा पत्ता होता : इन्व्हर्टर. आळीत तो फक्त आमच्याकडे होता. त्याची बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची. म्हणजे गुणाकार केला की अठराशे वॅट-तास. त्यातली घट आणि राखीव वजा जाता कामाला येणारे हजार-बाराशे धरा. एक पंखा पंचाहत्तर वॅटचा, दोन दिवे नऊ-नऊ वॅटचे. म्हणजे अकरा-बारा तास निश्चिंती! हा हिशेब मी कागदावर मांडला आणि उत्तराखाली सही केली.

तीन तारखेला दुपारी वादळ आलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा, हे पुढे वाचनात आलं. त्या वेळी आम्ही आकडे मोजत नव्हतो, पलंगाच्या आडोशाला बसून देवांची नावं मोजत होतो. वारा शिट्टी मारतो असं वाचलं होतं. हा वारा गुरगुरत होता. मधूनच काडकन आवाज येई, आणि तो कुणाच्या पोफळीचा की कुणाच्या वाशाचा हे कळत नसे. संध्याकाळी दार उघडलं तर समोर आळी नव्हतीच. आडव्या झाडांचा एक ढीग होता. विजेचे खांब वाकलेले. आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी शेजारच्या आळीत जाऊन उताणी पडली होती.

सात वाजता मी इन्व्हर्टर सुरू केला. दिवा लागला, पंखा फिरला. आणि, वाचकहो, त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"पडदा कशाला?" सौ.नी विचारलं.

"डास येतात."

"पडद्याला डास थांबतात होय?"

मी उत्तर दिलं नाही. खरं उत्तर मला माहीत होतं. उजेड दिसला असता तर कुणी फोन चार्ज करायला आलं असतं, कुणी नुसतं बसायला आलं असतं. आणि कुंपणापलीकडे माई होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कौलारू घरात एकट्या. मुलगा मुंबईला. त्यांना "या" म्हणावं लागलं असतं, आणि एकाला म्हटलं की दहांना म्हणावं लागतं. माझी बॅटरी तिघांसाठी होती. यादीत तसं लिहिलेलंच होतं.

झोप येईना तेव्हा मी पंख्याखाली पडल्या पडल्या माझी बाजू मांडायला सुरुवात केली. मुंगीची आणि नाकतोड्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मुंगीने उन्हाळाभर दाणे साठवले, नाकतोडा गात बसला. पावसात तो दारात आला तर तिने दार का उघडावं? सगळ्या शाळा मुंगीच्या बाजूने आहेत, बँका तर आहेतच. शिवाय आपल्याकडे शास्त्राधार आहे. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचं एक उपपर्वच आहे, आणि त्यात विश्वामित्रासारखा ऋषी दुष्काळात भुकेपोटी कुत्र्याचं मांस चोरायला निघतो. आपत्तीत ऋषीला चोरी माफ, तर कारकुनाला पडदा माफ नसावा?

पहाटे पावणेसहाला इन्व्हर्टर पीं-पीं करू लागला आणि थोड्याच वेळात गप्प झाला. हिशेब अचूक होता. अकरा तासांची निश्चिंती अकरा तासांनी संपली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इन्व्हर्टर हे पिंप आहे, नळ नव्हे. दोन तासांच्या भारनियमनाला ते ठीक. पण मागून वीज येणारच नसेल, तर भरलेलं एकदा उपसलं की संपलं. आणि वीज पुढे काही आठवडे येणार नव्हती.

सकाळी दुसरा प्रश्न उभा राहिला तो पाण्याचा. टाकी परमुलखात, पंप बंद. पिण्यापुरते दोन हंडे भरून ठेवले होते, बाकी ठणठणाट. इतक्यात कुंपणापलीकडून हाक आली, "अहो बँकवाले, पाणी न्यायला या हो! बादली आणा. रहाट चालू आहे."

माईंच्या परसात विहीर होती. तिच्यावर मुलाने केव्हाच पंप बसवला होता आणि दर खेपेला तो म्हणे, "आता हा रहाटाचा सांगाडा काढून टाक." माईंनी तो काढला नव्हता. इतकंच नव्हे, दर पावसाळ्याआधी त्या दोर नवा करत आणि रहाटाला तेल घालत. मी आयुष्यात इतक्या याद्या केल्या, पण रहाट, दोर आणि पोहरा कुठल्याही यादीत नव्हते.

मी बादली घेऊन गेलो. तोंडाला मास्क, दोन हातांच्या अंतराने रांग. अर्धी आळी तिथे होती. माईंच्या घराची पुढची कौलं गेली होती. वाडीतल्या पोफळी एकीवर एक निजल्या होत्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. माईंनी तो हिशेब माझ्याआधी केलाच असणार. त्या पायरीवर बसून कुणाची बादली किती भरली ते पाहत होत्या.

माझी पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "काल रात्री तुमच्याकडे उजेड होता ना? पडद्याच्या फटीतून दिसत होता. बरं वाटलं हो. रात्रभर गळतीखाली भांडी सरकवत होते. म्हटलं, चला, आळीत कुणीतरी जागं आहे."

माझ्या हातातून पोहरा सुटला नाही एवढंच. टोमणा असता तर मी सहज परतवला असता. नोकरीत तेवढा सराव होतो. पण तो टोमणा नव्हता.

घरी येऊन मी पुन्हा कागद घेतला. नऊ वॅटचा एक दिवा दहा तास जाळला तर खर्च नव्वद वॅट-तास. माझा पंखा पंचाहत्तर वॅटचा. म्हणजे कुंपणावरून एक वायर टाकून माईंच्या घरात रात्रभर दिवा लावायला मला खर्च आला असता माझ्या पंख्याचा सव्वा तास. फक्त सव्वा तास! तो सव्वा तास मी काय केलं होतं? विश्वामित्राची वकिली.

आता कुणी म्हणेल, विहीर आणि बॅटरी यांची बरोबरी कशी? विहीर देऊन आटत नाही, बॅटरी आटते. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला उदार होणं सोपं. हा मुद्दा मला मान्य आहे, किंबहुना तो मीच त्या रात्री काढला होता. तयारी करण्यातही काही चूक नाही. जो आपली सोय आधी पाहतो तो निदान दुसऱ्यावर भार तरी होत नाही, आणि 'शेजाऱ्याकडे टॉर्च आहे' एवढ्यावर विसंबणं ही काही साधुवृत्ती नव्हे. सगळ्यांना सगळं पुरणार नाही, हेही खरंच. पण मी 'पुरणार नाही' हे गणित करून ठरवलं नव्हतं. पडदा आधी ओढला आणि गणित दुसऱ्या दिवशी केलं. तोटा आधी धरावा हे तत्त्व मी इतकं मनावर घेतलं, की शेजारीणही मला तोट्याच्याच बाजूला दिसली.

आणखी एक गंमत सांगतो. त्या यादीत एक वस्तू मुळातच नव्हती, आणि ती विसरणारा इसम बँकेत नोकरीला होता : रोख रक्कम. वीज नाही म्हणून एटीएम नाही, मोबाईलला रेंज नाही म्हणून फोनवरून पैसे देणं नाही. खात्यात पगार शाबूत आणि खिशात वीस रुपये. वाण्याने वही उघडली, माझं नाव लिहिलं आणि तांदूळ, मीठ, मेणबत्त्या दिल्या – या खेपेला मोठ्या माणसांच्या. तारण मागितलं नाही, जामीन मागितला नाही. कर्जाच्या अर्जांना तेरा कागद जोडायला लावणारा मी, त्या दिवशी नुसत्या पतीवर उधार घेऊन आलो. 'आपत्ती' या शब्दातच 'पत' दडलेली आहे, असं मला वाटतं. व्याकरणवाले मारायला धावतील, पण वाणी माझ्या बाजूने साक्ष देईल.

पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, 'तौक्ते' आलं. हे नाव म्यानमारचं, आणि त्याचा अर्थ म्हणे पाल. पाल चुकचुकताच मी नवी यादी केली. गुटगुटीत सेल, दहा-वीसच्या नोटा, माईंच्या रहाटासाठी एक जादा दोर. आणि सर्वांत वर : पंधरा मीटर वायर, होल्डर, नऊ वॅटचा दिवा. 'किती जणांसाठी' हा रकाना मात्र कोरा सोडला. ऑडिटर आला तर ओरडेल, पण तिथे आता नक्की कुठला आकडा घालावा हे मला अजून उमगलेलं नाही.

ते वादळ किनाऱ्याला समांतर गुजरातेकडे गेलं. आम्हाला वारा-पाऊस दाखवून गेलं, आणि वीज गेलीच. मी पडदा बाजूला सारला, पावसात भिजत कुंपणावरून वायर टाकली आणि माईंच्या माजघरात दिवा लावून, वर्षभराची थकबाकी चुकती केल्याच्या समाधानात घरी येऊन पडलो.

तासाभराने कुंपणापलीकडून हाक आली.

"अहो बँकवाले, तो दिवा बंद करा हो! डोळ्यांवर येतो. मला अंधारातच झोप लागते."

मी दिवा बंद केला. तरतूद वाया गेली असं मात्र मी अजून वहीत मांडलेलं नाही.