परिशिष्टातले गणपती

जगात माणसांच्या जाती दोनच. "असू दे, लागेल कधीतरी" म्हणणारी आणि "टाक ते, कशाला अडगळ" म्हणणारी. पहिलीच्या घरात १९६२ सालचं रेशनकार्ड सापडतं, दुसरीच्या घरात कालचं वर्तमानपत्र सापडत नाही.

घरातलं हे भांडण माळ्यावर मिटतं. पण शेकडो हातांनी मिळून लिहिलेल्या ग्रंथाचं काय? आमचा भाचा मराठी विकिपीडियावर हौसेनं लिहितो. म्हणजे लिहितो थोडं. इतरांनी लिहिलेलं ठेवावं की काढावं, यावर वाद फार घालतो. "मामा, विषय उल्लेखनीय नसेल तर पान काढायलाच हवं. नाहीतर गल्लीतला प्रत्येक दादा आपलं चरित्र टाकील!" हे काही खोटं नाही. पण उल्लेखनीय कोण, हे ठरवायचं कुणी? पुण्यात प्रत्येक जण स्वतःला उल्लेखनीय समजतो आणि शेजाऱ्याला नाही.

"बरं, काढलेलं पान जातं कुठं?" मी विचारलं.

"कुणी काढलं, का काढलं, याची नोंद राहते. मजकूर मात्र फक्त प्रचालकांना दिसतो."

मला एकदम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आठवलं. महाभारत तरी काय, शेकडो हातांचंच! ज्याला सुचलं त्यानं चार श्लोक घातले. १९१९ साली या मंडळींनी त्याची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, ती पुरी झाली १९६६ साली. पोथ्या जमवल्या १२५९. निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्यांची साक्ष मिळेल ते ठेवायचं, बाकीचं वगळायचं. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी आदिपर्वाला हा नियम लावला आणि गेले कोण? साक्षात गणपती! व्यास सांगताहेत आणि गजानन लिहून घेताहेत, ही कथाच मूळ संहितेतून बाहेर. आणि तीही कसब्याच्या गणपतीच्या गावात!

पण फेकली नाही, बरं का. ती परिशिष्टात आहे. वगळलेल्या ओळी तळटिपांत आहेत, कोणत्या पोथीत सापडल्या त्या खुणेसकट. संपादकाचा निर्णय पटत नसेल, तर त्याच्याच पुस्तकातला पुरावा घेऊन त्याच्याशी भांडा. भांडायची एवढी चोख सोय पुण्यातच व्हायची.

सगळंच ठेवलं तर ग्रंथाचा माळा होतो, हे कबूल. शिवीगाळ आणि बदनामी खुशाल पुसावी. पण कुणी प्रामाणिकपणे लिहिलेलं काढायचं, तर ते चारचौघांना दिसेल अशा जागी ठेवण्याची हिंमत काढणाऱ्यात हवी. आज आपण शहाणे आहोत. उद्याचा वाचक आपल्याहून शहाणा निघाला तर त्यानं तपासायचं काय? नुसती नोंद?

यावर कुणी म्हणेल, अशानं परिशिष्टच ग्रंथाहून मोठं होईल. होऊ दे की! लिहून घ्यायला गणपती तिथं बसलेलेच आहेत.